स्पिरुलिनाची काढणी: वस्त्रगाळ, चक्का आणि शेव

स्पिरुलिना या खाण्याच्या शैवालाच्या टाकीतलं पाणी गर्द हिरवं झालं की नव्या माणसाला वाटतं, आता भरपूर माल निघणार. मग पहिली काढणी होते. दहा बादल्या गाळून होतात, कंबर धरते, आणि संध्याकाळी वाळून हातात उरते जेमतेम वाटीभर भुकटी. माझंही असंच झालं होतं. घरातल्यांनी त्या वाटीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं, बोललं कुणी काही नाही.

हिशेब साधा आहे. चांगल्या तयार टाकीत लिटरमागे अर्धा ग्रॅमच्या आसपास कोरडा माल असतो. म्हणजे एक किलो भुकटीसाठी २,००० लिटर पाणी बाजूला काढायचं. हे पाणी उष्णतेने उडवायचं म्हटलं तर किलोमागे सव्वासहाशेच्या आसपास वॅट-तास, म्हणजे ०.६३ युनिट लागतं. २,००० लिटरला साडेबाराशे युनिटं. असं अर्थातच कुणी करत नाही. पण कुठलं पाणी कशाने काढायचं, यावरच काढणी स्वस्त की महाग, टिकाऊ की उधळपट्टीची, हे ठरतं. बहुतेक पाणी कापडाने काढा, उरलेलं वजनाने दाबून काढा, आणि अगदी शेवटचं तेवढं उन्हावर सोडा. गाळलेलं पाणी पुन्हा टाकीत. या लेखात पुढे जे आहे ते सगळं याच क्रमाचं आहे.

स्पिरुलिना काटेकोरपणे पाहिलं तर शैवाल नाही, नील-हरित जीवाणू आहे. पण बाजारात आणि शेतात तिला शैवालच म्हणतात, तर आपणही म्हणू. नवशिक्यांना मी हीच घ्या म्हणतो, कारण तिचे धागे स्प्रिंगसारखे वळलेले आणि लांब असतात. कापडावर अडकतात. क्लोरेला या दुसऱ्या शैवालाची पेशी गोल आणि २ ते १० मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ती कापडातून सरळ निघून जाते. क्लोरेलाचं काय करायचं, ते शेवटाकडे सांगतो.

ही कापडाची युक्ती काही प्रयोगशाळेतून आलेली नाही. आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या कानेंबू बायका पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर आलेली हिरवी साय टोपल्या-भांड्यांनी गोळा करतात, वाळूतल्या उथळ खड्ड्यात ओततात, पाणी वाळू पिऊन टाकते आणि वर राहिलेल्या थराच्या वड्या पाडून उन्हात वाळवतात. त्याला 'दिहे' म्हणतात. वीज शून्य, पंप शून्य. खाताना दाताखाली वाळू येते, तेवढीच अडचण.

आपल्याकडे लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातही हे शैवाल निसर्गतः आढळतं. म्हणून कुणी कॅन घेऊन लोणारला निघू नये. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. शिवाय उघड्या तळ्यातल्या हिरव्या सायीत स्पिरुलिनाबरोबर विषारी नील-हरित जीवाणू असू शकतात, आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. गावच्या तळ्यावरचा हिरवा तवंग तर हातही लावू नये असा. बियाणं, म्हणजे टाकीत सोडायचं जिवंत शैवाल, ओळखीच्या, तपासलेल्या ठिकाणाहूनच आणा.

उदाहरणासाठी एक टाकी धरू: ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, पाणी २० सेंटिमीटर. म्हणजे १,२०० लिटर. नवशिक्याच्या हातून चौरस मीटरमागे रोज ५ ग्रॅम कोरडा माल आला तरी बरं चाललंय म्हणायचं. ६ चौरस मीटरला रोज ३० ग्रॅम. दर चौथ्या दिवशी काढणी केली तर १२० ग्रॅम, त्यासाठी २४० लिटर गाळायचं.

पहिली पायरी: वेळ झाली का ते बघा

रंगावरून अंदाज चुकतो. ढगाळ दिवशी तीच टाकी जास्त गडद दिसते. एक पट्टी घ्या, तिच्या टोकाला पांढऱ्या प्लास्टिकची रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी चकती चिकटवा. टाकी नीट ढवळा, चकती हळूहळू पाण्यात सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली वाचा. २ ते ३ सेंटिमीटरवर गायब झाली तर काढणीला हरकत नाही. ५ सेंटिमीटरवरही दिसत असेल तर टाकीला हात लावू नका. पातळ झालेल्या टाकीवर कडक ऊन पडलं की शैवाल एकमेकांना सावली देऊ शकत नाही, रंग उडतो आणि दोन दिवसांत सगळं पिवळट पडतं. वाचन रोज एकाच माणसाने, एकाच वेळी घ्यावं. प्रत्येकाचा डोळा वेगळा.

एका वेळी टाकीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काढू नका. आपल्या उदाहरणात २४० लिटर म्हणजे पाचवा हिस्सा, ते सुरक्षित.

वेळ पहाटेची. दिवसा साठलेली साखर शैवाल रात्रभरात वापरून टाकतं, त्यामुळे सकाळी प्रथिनांचं प्रमाण जास्त भरतं. पाणी थंड असतं, गोळा लवकर आंबत नाही, आणि वाळवायला अख्खा दिवस हाताशी असतो. हे तिसरं कारण सगळ्यात मोठं. दहा वाजता काढणी सुरू करणारा माणूस संध्याकाळी ओलसर शेव घेऊन बसतो.

दुसरी पायरी: गाळणं

आधी जाड गाळणी. पानं, किडे, कडेला वाळून पडलेल्या खपल्या, हे सगळं काढायला चहाच्या मोठ्या गाळणीसारखी स्टीलची जाळी पुरते. तिच्याखाली खरं कापड.

कापड ३० ते ५० मायक्रॉन छिद्राचं, पॉलिस्टर किंवा नायलॉनचं. ते मिळतं कुठे? लग्नपत्रिका आणि पिशव्यांवर स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्यांना विचारा. त्यांच्या चौकटीवर ताणलेलं असतं तेच. दुकानदाराला मायक्रॉन विचारून कोरंच घ्या, वापरलेलं नको, त्यात शाई आणि रसायनं मुरलेली असतात. मी पहिल्यांदा जुन्या धोतराचा तुकडा वापरला होता. सुती धागा फुगतो, छिद्रं बुजतात, पाणी वर तुंबून राहतं. पाऊण तास मी एका बादलीकडे बघत उभा होतो.

कापड लाकडी किंवा स्टीलच्या चौकटीवर झोळीसारखं सैल बांधा आणि चौकट थेट टाकीवरच आडवी ठेवा. गाळलेलं पाणी आपोआप खाली टाकीत पडतं. वेगळा हौद नको, पंप नको. टाकीच्या एका टोकाला फळी उभी लावून कोपरा वेगळा केलात तर गाळलेलं पाणी लगेच परत बादलीत येत नाही. २४० लिटर म्हणजे वीस लिटरच्या बारा बादल्या. एकट्याला तासाभराचं काम, दोघं असले तर गप्पांत होतं.

पंपाचा मोह होतोच. पण साध्या पंपाचं पातं धाग्यांचे तुकडे करतं, तुकडे कापडातून निसटतात आणि गाळलेलं पाणी हिरवं दिसायला लागतं. टाकी उंचावर असेल तर नळीने पाणी खाली ओढून घेता येतं. ती नळी तोंडाने ओढू नका. आधी पाण्याने भरून घ्या आणि बोटाने बंद करून खाली न्या.

कापडाखालच्या पाण्याकडे लक्ष ठेवा. फिकट पिवळं, कोऱ्या पातळ चहासारखं आणि नितळ असेल तर ठीक. हिरवं असेल तर कापड फाटलंय, किंवा धागे तुटतायत, किंवा टाकीत क्लोरेला शिरलाय. शेवटची शक्यता नवशिक्याला सुचत नाही. कापड दर काढणीला स्पिरुलिना तेवढी उचलतं आणि बारीक पाहुण्याला परत टाकीत पाठवतं. म्हणजे आपणच दर चौथ्या दिवशी त्याला जागा करून देतो. उपाय एकच, टाकीचा पीएच १० च्या वर ठेवणं. त्या अल्कधर्मी पाण्यात स्पिरुलिना रमते, क्लोरेलाचा जोर ओसरतो.

पाणी निथळत आलं की चौकटीच्या कडा आळीपाळीने उचला. पातळ लगदा कापडावरून घरंगळत मध्ये गोळा होतो, आणि घरंगळताना आणखी पाणी सोडतो. हातपंपाने त्यावर स्वच्छ पाण्याचा हलका फवारा मारा, टाकीच्या पाण्यातल्या खायच्या सोड्याची चव कमी होते. फवाराच, बादली नव्हे! खाऱ्या पाण्यातली पेशी एकदम भरपूर गोड्या पाण्यात पडली की फुगून फुटते आणि निळं पाणी सुटतं. तो निळा रंग म्हणजे फायकोसायनिन, म्हणजे ज्याच्यासाठी गिऱ्हाईक पैसे देतं तेच. फवाऱ्याचं पाणीही टाकीतच पडू द्या. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी उडालं तरी ६ चौरस मीटरला तीस लिटर होतात. ते भरून काढायचंच असतं, मग आधी धुण्याचं काम करून घ्यावं.

तिसरी पायरी: चक्का

निथळलेल्या लगद्यात अजून नव्वद टक्के पाणी असतं. इथेच बरेच जण घाई करतात आणि तो तसाच ताटात पसरून वाळवायला ठेवतात. पुन्हा हिशेब बघा. एक किलो भुकटीसाठी असा लगदा लागतो १० किलो, त्यातलं ९ किलो पाणी उडवायचं: ५.७ युनिट उष्णता. तोच लगदा दाबून कोरडा भाग वीस टक्क्यांवर आणला तर ५ किलो उरतो, उडवायचं पाणी ४ किलो: अडीच युनिट. एका दगडाने निम्म्याहून जास्त इंधन वाचतं. ड्रायर विजेचा असेल तर बिलात दिसतं, उन्हाचा असेल तर वेळेत दिसतं.

श्रीखंडाचा चक्का ज्याने बांधलाय त्याला हे शिकवावं लागत नाही. लगदा बारीक जाळीच्या कापडात गुंडाळा, त्यावर मजबूत सुती कापडाचं दुसरं वेष्टण. तासभर नुसता टांगून ठेवा. मग दोन फळ्यांमध्ये चपटा ठेवून वर वजन. सुरुवातीला पाच लिटरचा पाण्याचा कॅन बास. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा, मग आणखी. एकदम जड दगड ठेवलात तर कापड फुटतं किंवा लगदा शिवणीतून बाहेर येतो. निघणारं पाणी नितळ हवं. निळसर झालं की थांबा, पेशी फुटायला लागल्या.

तयार झाल्याची खूण बोटाला कळते. कापड सोडवलं की गोळा न चिकटता सुटतो, बोटाने दाबला तर खळगा तसाच राहतो, आणि मोडला तर पनीरसारखा सरळ तुटतो. वास ताज्या पालेभाजीसारखा, किंचित समुद्राचा. आंबूस किंवा कुजका वास आला तर तो गोळा खाण्यासाठी नाही, चवीपुरताही नाही. टाकीत पीएचच्या जोरावर बाकीचे जंतू दबून असतात. दाबलेल्या गोळ्यात ते संरक्षण संपतं. उन्हाळी खोलीत तो काही तासांत बिघडतो, फ्रीजमध्ये एक-दोन दिवस. या पायरीपासून हात धुतलेले, भांडी उकळत्या पाण्याने खळबळलेली, आणि नखं कापलेली.

ताजा गोळा घरी खाणार असाल तर इथेच थांबा. वाळवण्याचा सगळा खर्च वाचतो. लिंबूपाण्यात किंवा ताकात घालून चव बरी लागते, दुधात मात्र मला कधी जमली नाही.

चौथी पायरी: शेव

जाड गोळा वरून वाळतो आणि आत आंबतो. म्हणून त्याची शेव पाडायची. घरचा सोऱ्या घ्या, त्यात बारीक शेवेची चकती. दीड ते दोन मिलिमीटरची तार उत्तम. खाली नायलॉनच्या जाळीची चौकट, म्हणजे हवा वरून-खालून फिरते. एकेरी थर, तार तारेवर चढू द्यायची नाही. कुरडयांच्या वाळवणात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हात आपोआप वळेल.

कुरडयांशी साम्य इथेच संपतं. कुरडया उघड्या गच्चीवर रणरणत्या उन्हात. स्पिरुलिनाला थेट ऊन नको. ऊन रंग मारतं, आणि गच्चीवर धूळ, माश्या, चिमण्या असतातच. काळ्या पत्र्याची हवा तापवणारी पेटी आणि तिला जोडलेलं बंद कपाट, असा साधा सौर ड्रायर हवा. तापमान ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. ४५ ते ५५ मध्ये राहिलं तर रंग छान टिकतो. वर एक हवा बाहेर जायची फट आणि आत एक थर्मामीटर. महागडं काही नको.

कुरडईसारखी कडकन मोडली की वाळली. वाकली तर अजून ओल आहे. ओलावा सात-आठ टक्क्यांच्या खाली यायला हवा. गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरली तर डब्याच्या झाकणाला आतून पाणी सुटतं आणि सगळी मेहनत बुरशीला जाते. हवाबंद, अंधारी जागा. भुकटी लागेल तशीच करा, शेव जास्त टिकते.

पावसाळ्याचं काय? कोकणात जून ते सप्टेंबर सौर ड्रायरवर विसंबून काढणी करू नये, असं माझं मत. एक तर त्या दिवसांत वाढही मंदावते. ताजा माल रोजच्या खपापुरता काढा आणि बाकी टाकी सांभाळा.

पाचवी पायरी: टाकीचं देणं परत करा

काढलेल्या मालाबरोबर टाकीतून खत गेलेलं असतं. स्पिरुलिनात साठ टक्के प्रथिनं धरली तर १२० ग्रॅममध्ये साधारण १२ ग्रॅम नत्र. द्राक्षवाल्यांच्या ओळखीच्या १३:०:४५ मधून, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटमधून, तेवढं नत्र द्यायला ९० ग्रॅम लागतं. थोडं उडतं-वाया जातं म्हणून शंभराच्या पुढे जायला हरकत नाही. स्फुरदासाठी १२:६१:० पाच-सहा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट तीन-चार ग्रॅम. युरिया स्वस्त पडतो, पण जास्त झाला की अमोनिया होतो आणि टाकी एका दुपारीत जाते. पहिलं वर्षभर तरी त्याच्या वाटेला जाऊ नका. खाण्यासाठी पिकवत असाल तर खत शुद्ध प्रतीचं घ्या आणि माल जड धातूंसाठी प्रयोगशाळेत तपासून घ्या. शैवाल पाण्यातलं चांगलं-वाईट दोन्ही ओढून घेतं. विकायचं असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना हवाच. आणि 'तुम्ही पिकवा, आम्ही सगळा माल उचलतो' म्हणणाऱ्याकडून महागडं बियाणं घेण्याआधी, तो आज कुणाचा माल उचलतोय ते प्रत्यक्ष जाऊन बघा.

तेच पाणी महिनोन्‌महिने फिरवलं की ते चिकट होतं. शैवालाने सोडलेला साखरेचा चीक साठतो, फेस राहतो, गाळायला दुप्पट वेळ लागतो. तेव्हा थोडं पाणी, विसावा हिस्सा वगैरे, काढून ताजं भरायचं. आता हे काढलेलं पाणी कुठे टाकायचं? मी ते लिंबाच्या आळ्यात ओतलं, खतच आहे म्हणून. महिनाभरात पानांच्या कडा जळाल्या आणि आळ्यातली माती सिमेंटसारखी झाली. त्या पाण्यात लिटरमागे १०-१५ ग्रॅम खायचा सोडा असतो. सोडियमने जमीन चोपण होते. शेतात, ओढ्यात, विहिरीजवळ ते अजिबात नको. प्लास्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यात उन्हाने उडू द्या; तळाशी उरणारी पांढरी खपली पुढच्या टाकीत विरघळवता येते, पण कचरा आणि धूळ न पडलेली असेल तरच.

क्लोरेला असेल तर

मत्स्यबीज केंद्राला किंवा सांडपाण्याच्या हौदाला जोडून काम करणाऱ्यांकडे बहुधा बारीक पेशींचं शैवाल असतं. या पेशींच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना ढकलत पाण्यात तरंगत राहतात. तो भार मोडला की गुठळ्या होऊन तळाशी बसतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तीच गोष्ट. तुरटी इथेही चालते, पण ॲल्युमिनियम मालात उतरतं. खाद्य किंवा पशुखाद्य करायचं असेल तर नको.

त्याऐवजी तीन रस्ते. शेवग्याच्या सुक्या बियांचा गर वाटून पाण्यात घोळायचा आणि गाळून तो अर्क टाकायचा. त्यातलं धनभारित प्रथिन गुठळ्या बांधतं. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनणारं कायटोसान गोड्या पाण्यात उत्तम चालतं, खाऱ्या पाण्यात हात टेकतं. तिसरा चुना: पीएच ११ च्या आसपास नेला की पाण्यातलं मॅग्नेशियम साक्याच्या रूपात बसताना पेशींना सोबत घेऊन जातं. वरचं पाणी परत वापरण्याआधी त्यात कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच खाली आणायचा. शैवालाला तो वायू हवाच असतो.

मात्रा पुस्तकातून घेऊ नका. एकसारख्या पाच-सहा काचेच्या बरण्या घ्या, प्रत्येकीत एक लिटर शैवाल, वाढत्या मात्रेने अर्क, मिनिटभर जोरात आणि दहा मिनिटं हळू ढवळा, मग अर्धा तास हात न लावता बघा. जिथे सगळ्यात कमी मात्रेत वरचं पाणी नितळ झालं ती तुमची मात्रा. दर हंगामात ती बदलते.

सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून माल आणि पाणी वेगळं करणारं यंत्र, शेवटी. चकत्यांच्या यंत्राला हजार लिटरमागे एक युनिटच्या आसपास वीज लागते. अर्धा ग्रॅमच्या पाण्यावर चालवलं तर किलोमागे दोन युनिटं. आधी गुठळ्या बसवून पाणी विसावा हिस्सा केलं तर तेच यंत्र किलोमागे एका युनिटचा दहावा भाग घेतं.

आणि कापड

काढणी संपल्या संपल्या कापड धुवा, संध्याकाळी नव्हे. वाळलेलं शैवाल छिद्रात बसलं की सुटत नाही. साबण नको, तो पुढच्या वेळी टाकीत जातो. उलट्या बाजूने पाण्याची धार मारा, बुजलंच असेल तर कोमट पाण्यात थोडा व्हिनेगर घालून बुडवून ठेवा आणि खळखळून धुवा. सावलीत वाळवा. पुढच्या पहाटे लावण्याआधी उजेडापुढे धरून बघा. सुईएवढं भोक दिसलं तरी ते शिवायला जाऊ नका, टाक्याची भोकं त्याहून मोठी होतात. तो भाग कापून टाका आणि उरलेल्याची लहान चौकट करा.